डब्यातला गूळ आणि फुप्फुसातली वाळू

"ताई, ह्यांच्या डब्यात गुळाचा खडा केवढा ठेवू?"

आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी जिन्यात थांबवून विचारलं. त्यांचे यजमान भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) फेटलिंगला आहेत. म्हणजे ओतून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि धारदार कडा ग्राइंडरने घासून काढायच्या. अकरा वर्षं झाली. सकाळी उठल्याबरोबर खोकला येतो, नाक शिंकरलं तर रुमाल काळा होतो. गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते, असं खात्यातले जुने कामगार त्यांना सांगतात.

मी आहाराचं काम करते, आणि माझे वडीलही फाउंड्रीतच होते. पाळी सुटताना त्यांना गूळ-शेंगदाणे मिळायचे. निम्मा गूळ ते कागदाच्या पुडीत आमच्यासाठी राखून आणायचे. त्यामुळे हा प्रश्न जिन्यातच दोन शब्दांत संपवणं मला जमलं नाही. त्यांना वर बोलावलं, चहा टाकला आणि तासभर बोलत बसलो. भोसरी, चाकण, मोशी, वाघोली या पट्ट्यात धुळीत काम करणारं माणूस बऱ्याच घरांत आहे, म्हणून तेच बोलणं इथे नीट मांडते आहे.

घशाच्या खाली दोन नळ्या आहेत. अन्न एका नळीने पोटात जातं, हवा दुसरीने फुप्फुसात. गूळ पहिल्या नळीने जातो आणि धूळ दुसरीत बसलेली असते. त्यामुळे गूळ जाताजाता धूळ पुसून नेतो, हे चित्र काही खरं नाही. गूळ चघळला की तोंडाला पाणी सुटतं, कोरडा पडलेला घसा ओला होतो, खवखव थांबते. हा आराम खरा आहे, पण तो घशापुरता आहे.

धूळ कुठवर जाते हे तिच्या कणाच्या आकारावर ठरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डंपर गेल्यावर डोळ्यांत जाते ती धूळ बरीच जाड. ती नाकातच अडकते. १० मायक्रॉनच्या आतले कण छातीतल्या नळ्यांपर्यंत पोचतात. या नळ्यांना आतून चिकट द्रवाचा पातळ थर असतो, आणि त्याखाली केसांसारखे अतिशय बारीक तंतू एका लयीत वरच्या दिशेने हलत असतात. अडकलेला कण तसा ढकलत ढकलत घशापर्यंत येतो, आणि आपण तो नकळत गिळतो किंवा खाकरून थुंकतो. सकाळचा काळा कफ म्हणजे कण वर नेणारा हा सरकता जिना चालू असल्याची खूण. विडी-सिगारेटचा धूर नेमका हाच जिना बिघडवतो. म्हणून धुळीत काम करणाऱ्याने धूम्रपान करणं हे धूळ आणि धूर यांच्या नुसत्या बेरजेपेक्षा वाईट.

चार-पाच मायक्रॉनच्या खालचे कण मात्र जिना ओलांडून थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, उतरतात. तिथे तंतू नाहीत. तिथे पहारा देतात भक्षक पेशी. कण दिसला की त्या तो गिळतात. कोळशाचा किंवा मातीचा कण असेल तर पुष्कळदा निभावतं. पण स्फटिक रूपातल्या सिलिकाचा, म्हणजे गारेच्या वाळूचा ताजा फुटलेला कण असेल तर तो त्या पेशीलाच मारतो. पेशी फुटते, आतली दाहक रसायनं आजूबाजूला सांडतात, कण पुन्हा मोकळा होतो आणि त्याला दुसरी पेशी गिळते. हे वर्षानुवर्षं चालतं. जिथे जिथे असं होतं तिथे शरीर जखम भरल्यासारखा टणक व्रण तयार करतं, आणि स्पंजासारखं फुप्फुस हळूहळू गाठाळ होत जातं. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि झालेला व्रण परत मऊ करणारं औषध आजही नाही. स्फटिक सिलिका माणसात कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केलं.

इथे पुण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळी धूळ सारखी नसते. वाघोली-मोशीकडच्या खाणींतून निघतो तो आपला काळा पाषाण, बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड, आणि यात मोकळी गार फारच थोडी असते. राजस्थानच्या वालुकाश्मात ती भरपूर असते, म्हणून तिथल्या दगडफोड्यांत सिलिकोसिस इतका दिसतो. क्रशरची धूळ त्यामुळे निरुपद्रवी ठरत नाही; दमा, जुनाट खोकला, धाप हे तिनेही होतं. पण फाउंड्रीतली मोल्डिंगची (साच्यांची) वाळू जवळजवळ शुद्ध गारेची असते, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी हल्ली घेतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्याही पुढे जाते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांवर बंदीच घातली, कारण त्या कापणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं निकामी होऊ लागली होती. आपल्याकडे नव्या बिल्डिंगमध्ये ओटा बसवायला येणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून कोरडं कटर चालवतो. ते पाहिलं की मला राहवत नाही. मी पाण्याची बादली नेऊन देते आणि पातं ओलं ठेवून कापायला सांगते.

आता पुन्हा गुळाकडे. ही समजूत कुणी तपासलीच नाही असं नाही. लखनऊच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. धुळी-धुरात काम करणारे लोक गूळ खाल्ल्यावर त्रास होत नाही असं सांगतात, हीच त्यांचीही सुरुवात होती. उंदरांच्या श्वासनलिकेत कोळशाची किंवा सिलिकाची धूळ सोडली आणि त्यांना आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा ग्रॅम गूळ खाऊ घातला, ९० दिवस. गूळ खाणाऱ्या उंदरांत कोळशाचे कण फुप्फुसातून जवळच्या लसिकाग्रंथींत जास्त प्रमाणात गेलेले दिसले, आणि व्रणाची खूणही कमी आढळली. गुळाच्या जाहिरातीत फिरतो तो हाच प्रयोग.

तो मी मोडीत काढत नाही. पण तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. कण शरीराबाहेर गेले नाहीत, फुप्फुसातून शेजारच्या ग्रंथीत सरकले. उंदरांना धूळ एकदाच दिली होती. फेटलिंगच्या माणसाला ती रोज आठ तास मिळते. आणि मात्रा पाहा. २०० ग्रॅमचा उंदीर धरला आणि वजनाचा सरळ हिशोब लावला, तर ६० किलोच्या माणसाला रोज १५० ग्रॅम गूळ होतो. उंदरावरून माणसाची मात्रा इतकी सरळ काढत नाहीत, कमी निघते, तरीही ती लहानशा खड्याइतकी नाही. चाळिशीच्या पुढच्या, पोट सुटलेल्या, घरात मधुमेह असलेल्या माणसाला एवढा गूळ मी कधीच सांगणार नाही. सुपारीएवढा खडा शेंगदाण्यांबरोबर खावा, तोंडाला गोड आणि पोटाला आधार म्हणून. त्याला ढाल समजून मास्क काढू नये.

मग वनस्पती काहीच करत नाहीत का? करतात, पण त्यांचं काम झाडूसारखं नाही, आगीवर पाणी मारल्यासारखं आहे.

धुळीचा कण, त्यावरचे लोह-तांब्यासारखे धातू आणि चिडलेल्या भक्षक पेशी मिळून फुप्फुसात ऑक्सिजनचे अतिचंचल रेणू तयार करतात. ते आसपासच्या पेशींची आवरणं जाळत सुटतात. फुप्फुसाच्या आतल्या पातळ ओलाव्यात त्यांना विझवणारे पदार्थ मुळातच असतात, आणि त्यात क जीवनसत्त्व ठळक आहे. ते शरीर स्वतः बनवत नाही, ताटातूनच यावं लागतं. मेक्सिको सिटीच्या प्रदूषित हवेत राहणाऱ्या दम्याच्या १५८ मुलांवरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात क आणि ई जीवनसत्त्व दिलेल्या मुलांचं, विशेषतः तीव्र दम्याच्या मुलांचं, ओझोनमुळे होणारं श्वासाचं नुकसान कमी झालेलं दिसलं. ती धूळ नव्हती, वायू होता, आणि ती मुलं होती. तरी आग तीच आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. १०० ग्रॅम पेरूत ते २०० च्या आसपास असतं, आवळ्यात २५० च्या आसपास, संत्र्यात चाळीस-पन्नास. म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची गरज पुरी होऊन वर उरतं. सिगारेट ओढणाऱ्याचं क जीवनसत्त्व लवकर खर्ची पडतं, त्याला आणखी हवं. हे जीवनसत्त्व उकळल्याने आणि चिरून ठेवल्याने उडतं, म्हणून पेरू अख्खाच डब्यात द्यावा आणि लिंबाची फोड वेगळी ठेवावी. मंडईत आवळे दिसू लागले की मीठ-हळद लावून मुरवावेत, पुढे बरेच दिवस पुरतात. मोरावळा चवीला चांगला, पण त्यात साखर किती जाते हे करणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरी कामाची मंडळी म्हणजे मोहरीचं गोत: मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली, अळीव. यांना चिरलं किंवा चावलं की तो उग्र, नाकात चढणारा वास येतो. त्या वासामागची गंधकयुक्त द्रव्यं यकृतातल्या आणि फुप्फुसातल्या विष निकामी करणाऱ्या यंत्रणेला जाग आणतात. चीनमधल्या चिडोंग भागात, जिथली हवा खराब आहे, २९१ लोकांना बारा आठवडे मोड आलेल्या ब्रोकोलीचं पेय दिलं. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या लघवीवाटे बेन्झीनचं उत्सर्जन ६१ टक्क्यांनी आणि ॲक्रोलिनचं २३ टक्क्यांनी वाढलं. बेन्झीन पेट्रोलच्या वाफेत आणि धुरात असतं, ॲक्रोलिन जळक्या तेलाच्या धुरातही. शरीरात शिरलेलं वायुरूप विष लघवीवाटे जास्त बाहेर पडल्याचं यात माणसांतच मोजलं गेलं. वाळूचा कण असा विरघळून लघवीत जात नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा पेंट शॉपमध्ये किंवा रहदारीच्या चौकात उभं राहणाऱ्याला याचा उपयोग फाउंड्रीवाल्यापेक्षा जास्त.

कोबी-फ्लॉवर खूप शिजवले की ती द्रव्यं तयार करणारं विकर (एन्झाइम) मरतं. कच्च्या मोहरीत तेच विकर असतं. शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरली तर उपयोगी द्रव्य शरीरात चौपटीहून जास्त मिळतं, असं माणसांवर दिसलं आहे. कच्च्या मुळ्याचा किंवा कोबीचा कीस लिंबू पिळून आणि मोहरी फेसून केला की काम झालं. महागड्या ब्रोकोलीच्या मागे लागायची गरज मला वाटत नाही.

आता गिळलेल्या धुळीबद्दल. मघाशी म्हटलं ना, जिन्यावरून वर आलेला कण आपण गिळतो. शिवाय काळ्या हातांनी खाल्लेली पोळी, ओठांवर बसलेली पूड, हातावर मळलेला तंबाखू. बॅटरी, सोल्डरिंग, पितळ किंवा गनमेटलचं ओतकाम, जुना रंग खरवडणं, भंगार फोडणं अशा कामांच्या धुळीत शिसं असतं, आणि ते आतड्यातूनही रक्तात जातं. इथे जेवण खरोखर आडवं येतं, कारण इथे अन्न आणि विष एकाच नळीत भेटतात.

उपाशीपोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं. आतड्यातल्या ज्या दारातून लोह आत जातं त्याच दारातून शिसंही शिरतं. अंगात लोह कमी असलं की शरीर ती दारं वाढवतं, आणि शिसंही जास्त आत येतं. कॅल्शियमचंही तसंच. म्हणून पहिल्या पाळीला नुसत्या चहावर निघणं ही धुळीतल्या माणसाची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, दूध-ताक यातलं काहीतरी पोटात जाऊनच बाहेर पडावं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात १२० च्या आसपास, तिळात हजाराच्या वर. लोहासाठी अळीव, मेथी, शेवग्याचा पाला, मटकी, त्यावर लिंबू. क जीवनसत्त्व सोबत असलं की भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलावा, तो लोह अडवतो. पालकात कॅल्शियम दिसतं खरं, पण त्यातलं ऑक्झलेट ते बांधून ठेवतं, तेव्हा त्यासाठी पालकावर विसंबू नये.

हळदीबद्दल प्रत्येक जण विचारतो. हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात फार थोडं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून १९९८ साली आलेल्या अभ्यासात मिऱ्यातल्या पिपेरिनबरोबर ते २० पट जास्त मिळालं, पण तिथे एका वेळी २ ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं होतं. हळदीत ते तीन टक्के धरलं, तर साठ-सत्तर ग्रॅम हळद होते. दुधातली चिमूट रात्री घशाला बरी वाटते, ती जरूर घ्यावी. हळकुंड मात्र घरी दळून आणलेलं बरं. सुट्ट्या हळदीला पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याचं बांगलादेशात आणि भारतातही सापडलं आहे, आणि ते शिशाचंच संयुग आहे.

यावर कुणी म्हणेल, एवढा भाजीपाला कशाला, जीवनसत्त्वांची कॅप्सूल घेऊ. या ठिकाणी मी अगदी ठाम आहे. अमेरिकेत अठरा हजारांवर लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यात धूम्रपान करणारे होते आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले कामगारही होते. त्यांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि जोडीला अ जीवनसत्त्व दिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल ही अपेक्षा होती. तो २८ टक्क्यांनी जास्त झाला. १९९६ साली प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगातही बीटा-कॅरोटीनने १८ टक्के वाढच दिसली होती. गाजर खाऊन असं झाल्याचं कुठेही नाही. गाजरात ते द्रव्य थोडं असतं आणि शेकडो इतर द्रव्यांच्या सोबतीने येतं. धुळीत काम करणाऱ्या आणि विडी ओढणाऱ्या माणसाने बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

सगळ्यांत भक्कम पुरावा मात्र अशा पदार्थाचा आहे ज्याला कुणी औषध म्हणत नाही. सिलिका बसलेल्या फुप्फुसात क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, कारण क्षयाचा जंतू मारणाऱ्या भक्षक पेशीच आधी मेलेल्या असतात. आणि क्षय कुपोषणावर पोसतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. निम्म्या घरांना सहा महिने दरमहा माणशी तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. ती धुळीतली माणसं नव्हती. पण कंत्राटी कामावर असलेला, खोलीवर एकटा राहणारा, दोन वेळा वडापाववर काढणारा परगावचा पोरगा जेव्हा हडकलेला दिसतो, तेव्हा मला आधी त्याच्या ताटात डाळ दिसायला हवी असते. आवळा नंतर.

भाजी रस्त्याकाठच्या गाडीवरून घेतलेली असेल तर तिच्यावरही तीच धूळ बसलेली असते. पालेभाजी निवडून दोन-तीन पाण्यांत बुडवून काढावी, नुसती नळाखाली धरू नये. डबा मशीनपाशी उघडू नये. हात आणि तोंड साबणाने धुऊन, कँटीनमध्ये बसून खावं. मिश्री-तंबाखू हातावर मळणं म्हणजे धूळ मळून तोंडात घालणं. आणि पाळी सुटताना एअर गनने कपडे झटकतात ते पूर्ण बंद. त्याने बसलेली बारीक वाळू पुन्हा हवेत, नाकाच्या उंचीवर येते. कामाचे कपडे पिशवीत घालून आणावेत, घरी वेगळे भिजवावेत. पोरं बाबांना बिलगतात ती याच शर्टाला.

जेवण जिथे पोचत नाही तिथे पाणी, ओढणारा पंखा आणि मास्क लागतो. धूळ उठते तिथेच ती ओढून काढण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमातच आली होती, तेव्हा ती मालकाची मेहेरबानी नव्हे. रुमाल पाच मायक्रॉनच्या खालचं फारसं काही अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ अडवतो, दाढीवर तोही नीट बसत नाही.

बाईंनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, मग उद्या डब्यात काय? नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, मुळ्याचा कीस, लिंबाची फोड, एक पेरू, आणि गूळ सुपारीएवढा, असं ठरलं. चहा उठल्यावर एकटा नाही, भाकरीचा तुकडा पोटात गेल्यावर.

आणि एक कागद करायचा ठरलं. छातीच्या डॉक्टरकडे गेल्यावर तंबाखूचं विचारतात, कामाचं खोलात विचारलं जाईलच असं नाही. सिलिकोसिस आणि क्षय एक्स-रेवर एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि मग कामाची माहिती नसल्याने नुसत्या क्षयाची औषधं चालू राहतात. म्हणून त्या कागदावर लिहायचं: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या खात्यात, वाळू की दगड की धातू, कोरडं काम की ओलं, मास्क होता की नव्हता. पहिली तीन वर्षं यजमान नॉकआउटला (वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायच्या कामाला) होते, हे बाईंना त्या रात्री कागद लिहितानाच कळलं. तो कागद आता एक्स-रेच्या पाकिटात आहे.